शिक्षणशास्त्रात पीएच.डी. : अर्जाआधी प्रश्न

एम.एड. झालेले आणि शाळेत किंवा अध्यापक महाविद्यालयात काम करणारे बहुतेक जण पीएच.डी.ची तयारी प्रवेश परीक्षेची जाहिरात आल्यावर सुरू करतात. वास्तविक आधी संशोधनाचा प्रश्न, मग मार्गदर्शक आणि त्यानंतर अर्ज असा क्रम ठेवल्यास पुढची बरीच ओढाताण टळते.

नियमांचा भाग थोडक्यात असा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात आणि आरक्षित प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत मिळते. प्रवेश ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर किंवा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेवर, म्हणजे ‘पेट’वर, होतो, पेटमध्ये निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात, आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. कोर्सवर्क, म्हणजे पीएच.डी.मधला ठरावीक अभ्यासक्रम, धरून किमान कालावधी तीन वर्षांचा आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करता येते, मात्र त्यासाठी संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि ते आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नये. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देण्यास ही नियमावली परवानगी देत नाही, त्यामुळे तशा जाहिरातींवर वेळ घालवण्याचे कारण नाही.

खरी कसोटी विषय निवडताना लागते. ‘अमुक कार्यक्रमाची निर्मिती व परिणामकारकतेचा अभ्यास’ हा आपल्याकडे शीर्षकांचा जणू ठरलेला साचा आहे : पूर्वचाचणी, काही आठवड्यांचा कार्यक्रम, उत्तरचाचणी आणि गुणांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थ वाढ. ही पद्धत चुकीची नाही. पण नेमके तेच शिकवून त्यावरच चाचणी घेतली तर गुण वाढणारच, आणि त्यातून नवे काय कळले हे मौखिक परीक्षेत सांगणे अवघड जाते. त्याऐवजी आपल्या रोजच्या कामातला एखादा न सुटलेला प्रश्न घ्यावा. उदाहरणार्थ, बी.एड.च्या आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाच्या काळात, मार्गदर्शक शिक्षक छात्राध्यापकांच्या निरीक्षण वहीत जे शेरे लिहितात, त्यांतले किती शेरे फळ्यावरील अक्षर व आवाज यांविषयी असतात, किती विद्यार्थ्यांच्या आकलनाविषयी असतात, आणि पुढच्या पाठ टाचणात त्यांमुळे काही बदलते का? या प्रश्नासाठी वह्या, टाचणे, वर्गनिरीक्षण आणि मुलाखती एवढी साधने पुरतात, आणि उत्तर अध्यापक महाविद्यालयांच्या थेट उपयोगी पडते.

प्रश्न सुचला की शोधगंगा या संकेतस्थळावर त्या विषयावरचे जुने प्रबंध पाहावेत. केवळ शीर्षके न चाळता शिफारशींचे प्रकरण वाचावे, कारण आधीच्या संशोधकाने काय अर्धवट सोडले ते तिथे सापडते. पुण्यातल्या संशोधकाची सोय या बाबतीत चांगली आहे : विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, बालभारती आणि शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेली कोथरूडची भारतीय शिक्षण संस्था हे सारे एकाच शहरात आहे.

मार्गदर्शक निवडताना त्यांचे नाव किती मोठे आहे यापेक्षा त्यांनी स्वतः कोणत्या पद्धतीने संशोधन केले आहे हे पाहावे. आयुष्यभर सर्वेक्षणे केलेल्या मार्गदर्शकाकडे वर्गनिरीक्षणाचा गुणात्मक आराखडा नेला तर दोघांचीही कुचंबणा होते. त्यांच्याकडे जागा शिल्लक आहे का, हेही विचारावे, कारण प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्या प्राध्यापकांना नवे संशोधक घेता येत नाहीत, हे मात्र अनेकांना मुलाखतीच्या दारात कळते.

माहिती संकलनाचे वेळापत्रक शाळेच्या वर्षाप्रमाणे आखावे. जूनमध्ये प्रवेशांची धांदल असते, दिवाळीच्या आधी सत्र परीक्षा येतात, जानेवारीत स्नेहसंमेलने होतात आणि निवडणूक लागली तर शिक्षक त्या कामावर जातात. म्हणून सलग निरीक्षणासाठी जुलै ते सप्टेंबर हे महिने राखून ठेवावेत आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, तसेच सरकारी शाळा असल्यास शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र, एप्रिलमध्येच हाती घ्यावे.