शून्याची वाटी रिकामीच राहू द्या

मूल शंभरापर्यंत घडाघडा म्हणतं, पण ‘सात चिंचोके दे’ म्हटलं की अडतं. चारेक वर्षांच्या मुलाबरोबर हे करून बघा. दहा वाट्यांवर ० ते ९ आकडे चिकटवा आणि बरोबर ४५ चिंचोके द्या. वाटीवर जेवढा आकडा तेवढे चिंचोके, एकेक मोजत आधी त्याच्या हातात, मग वाटीत. नऊला मूठ कशी भरते ते त्याला कळू दे. माँटेसरी पद्धतीत मोजणी शिकवायला जी काड्यांची पेटी वापरतात, तिच्यातही ४५च काड्या असतात. शेवटी एखादी उरली किंवा कमी पडली की चूक मुलालाच दिसते. तेव्हा तुम्ही अगदी गप्प बसा, ते पुन्हा मोजेल. शून्याच्या वाटीत मात्र ते हमखास काहीतरी टाकू बघतं. ‘इथे काहीच नाही’ एवढंच म्हणा आणि त्या रिकाम्या वाटीत त्याला हात फिरवू द्या. (घरात रांगतं बाळ असेल तर चिंचोक्यांऐवजी आइस्क्रीमच्या काड्या घ्या.)