मीटरचा बझर वाजला, तरी वायर खराब असू शकते: गाडीची वायरिंग तपासताना या चुका टाळा

व्होल्टेज, करंट आणि रोध मोजणारा मल्टिमीटर हातात आला की बहुतेक नवख्यांचा जीव त्याच्या, वायर सलग आहे असे सांगणाऱ्या, बझरवर जडतो. वायरच्या दोन टोकांना प्रोब, म्हणजे मीटरच्या टोकदार सळया, लावायचे, आवाज आला की वायर पास. या एका सवयीपायी किती चांगले पंप, रिले (विजेने चालणारे स्विच) आणि मोटारी विनाकारण बदलल्या जातात, हे पाहून खरोखर वाईट वाटते.

बझर वाजवायला मीटर वायरीतून साधारण एक मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी करंट सोडतो. तेवढ्याला तांब्याचा एक तंतू शाबूत असला तरी पुरतो. बऱ्याच मीटरांचा बझर 30 ओहमलाही वाजतो. पण त्याच वायरीतून हेडलाइटच्या 55 वॉटच्या बल्बला साडेचार अँपिअर जायचे असतात. अर्ध्या ओहमचा अडथळा असला तरी दोन व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि बल्ब पिवळट पेटतो. मीटर मात्र आनंदाने वाजत राहतो.

एक गाडी अशीच आली होती. सपाट रस्त्यावर ठीक, चढ लागला की धक्के मारायची. आधीच्या गॅरेजने फ्युएल पंप बदलला होता, रिलेही नवा होता. आमच्याकडे शिकणाऱ्या मुलाने पंपाचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढला, प्लसला व्होल्टेज पूर्ण मिळाले, अर्थच्या, म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीच्या मायनसकडे परतणाऱ्या, वायरीवर बझर वाजला. त्याने निकाल दिला, नवा पंपच सदोष. मी त्याला कपलर परत बसवायला लावला. इंजिन चालू केले, काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर धरला आणि लाल प्रोब कपलरच्या मागून पंपाच्या अर्थ पिनला टेकवला. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे होते, दिसले 3.2 व्होल्ट. म्हणजे बॅटरीवर 14 असताना पंपाला जेमतेम पावणेअकरा मिळत होते. मॅटखाली ती वायर बॉडीला जिथे बोल्टने आवळली होती, तिथली रिंग हिरवी पडली होती आणि तिच्यात दोन-तीन तंतूच उरले होते. वायर मागे कापून नवी रिंग दाबली, खालचा पत्रा चकचकीत घासला, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावले. आकडा 0.06 वर आला. पंपाचा काडीचाही दोष नव्हता.

म्हणून माझा नियम ठरलेला आहे: कपलर लावलेला, लोड (करंट खाणारा पंप, बल्ब वगैरे) चालू, मग मीटर. प्लसची बाजू तपासताना लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि काळा लोडच्या प्लस पिनवर. अर्थची बाजू वर सांगितली तशी. साध्या सर्किटमध्ये प्लसच्या बाजूला 0.2 आणि अर्थच्या बाजूला 0.1 व्होल्टच्या वर गेले की मी शोधायला लागतो. स्टार्टरच्या जाड केबलला सेल्फ मारताना 0.5 पर्यंत सोडून देतो. याला फक्त पाच मिनिटे जास्त लागतात. तेवढाही धीर नसेल तर वायरिंगच्या कामाला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काळा प्रोब रंगवलेल्या बोल्टवर टेकवून "व्होल्टेज येत नाही" म्हणणारेही रोज भेटतात. शंका आली की थेट बॅटरीच्या मायनसवर जा.

दुसरी चूक महाग पडते. करंट मोजून झाला, पण लाल वायर 10 अँपिअरच्या सॉकेटमध्येच राहिली आणि त्याच अवस्थेत कोणी बॅटरीचे व्होल्टेज बघायला गेला. त्या सॉकेटमध्ये मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तार असते, आणि गाडीची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर देते. नशीब चांगले असेल तर मीटरचा फ्यूज जातो. काही स्वस्त मीटरांत त्या सॉकेटला फ्यूजच नसतो, मग प्रोबची वायर वितळते आणि हात भाजतो. फ्यूज गेल्यावर त्याच्या जागी तार गुंडाळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. करंट मोजून झाला की मी आधी लाल वायर व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत लावतो, त्यानंतरच मीटर खाली ठेवतो.

रात्रीत बॅटरी उतरते म्हणून करंट मोजणाऱ्यांची घाईही अशीच. बॅटरीच्या मायनसची केबल काढून मधे मीटर जोडतात, लगेच आकडा वाचतात आणि फ्यूज उपटायला लागतात. दारे बंद केल्यावर गाडीतली मॉड्युले, म्हणजे छोटे कंट्रोल संगणक, झोपायला वीस मिनिटे, अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ घेतात. नंतर आकडा 50 मिलिअँपिअरच्या खाली आला तर सहसा काळजी नाही. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र चुकूनही मारू नका.

चालू सर्किटवर ओहम मोजू नका, आकडा खोटा येतो. थंड हॅलोजन बल्ब अर्ध्या ओहमहून कमी दाखवतो. तो शॉर्ट नाही, फिलामेंट तापल्यावर रोध कित्येक पट वाढतो. बारीक रोध मोजण्याआधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा. मीटरचा सेल उतरला असेल तर कुठलाच आकडा धरू नका. आणि प्रोबचे टोक वायरीच्या आवरणात खुपसू नका. त्या भोकातून पाणी शिरते आणि काही महिन्यांनी नेमकी तिथेच वायर सडते. कपलरच्या मागून पातळ पिन सरकवली की काम होते.

एअरबॅगच्या, सहसा पिवळ्या, कपलरमध्ये ओहमचा मोड किंवा टेस्ट लॅम्प लावू नका. त्या करंटने एअरबॅग फुटू शकते. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या नारिंगी केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात. त्यांना वेगळे प्रशिक्षण, रेटिंगचे हातमोजे आणि तितक्या व्होल्टेजचा मीटर लागतो. यांतले एक जरी नसेल तर बॉनेट बंद करा आणि गाडी जाणकाराकडे पाठवा.