सायझिंग डाय निवडताना : कुपवाडच्या टूलरूममधून

आयटीआयचा टूल अँड डाय मेकर ट्रेड दोन वर्षांचा. तो करून पोरं कुपवाड एमआयडीसीत कामाला लागतात तेव्हा त्यांना लेथ चालवता येतो, ग्राइंडर येतो, ड्रॉइंगही वाचता येतं. अडतं ते सायझिंग डायच्या, म्हणजे पीस नेमक्या मापाला आणणाऱ्या साच्याच्या, एका प्रश्नाशी. पितळेचा ओढलेला (प्रेसवर डायमधून खेचून आकार दिलेला) पीस हातात देऊन "याला सायझिंग डाय कशी करशील?" असं विचारलं की उत्तर येतं, "डी-टू स्टीलची, साठपर्यंत हार्ड करून." (डी-टू हे डायचं कडक स्टील, साठ हा रॉकवेल मापातला कडकपणा.)

मीही पहिल्या महिन्यात हेच उत्तर दिलं होतं. आमचे मिस्त्री म्हणाले, "स्टीलचं नंतर बघू. पीस भट्टीतनं आलाय का थेट प्रेसवरनं, ते आधी सांग." तेवढ्या एका वाक्यात हे सगळं काम आहे. ते मला नीट कळायला दोन वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत म्हणून लिहितोय.

सायझिंग म्हणजे जवळजवळ तयार झालेला पीस शेवटच्या मापाला आणणं. पीस डायमधून दाबून काढला की तो डायच्या मापाचा होईल असं वाटतं, पण होत नाही. धातू थोडा परत फुलतो. किती फुलतो, हे तो किती कडक आहे त्यावर ठरतं. भट्टीतून मऊ होऊन आलेला २० मिलिमीटरचा पितळी पीस जेमतेम दोन शतांश मिलिमीटर फुलतो. ओढून ओढून कडक झालेला पाच-सहा शतांशही फुलतो. डाय तीच, पीस दोन मापांचे. म्हणून डाय करायच्या आधी त्याच लॉटचे दहा पीस घ्या, जुन्या जवळच्या मापाच्या डायमधून काढा आणि मायक्रोमीटरनं मोजा. व्हर्निअर या कामाला चालत नाही.

मग हिशेब मांडा. ड्रॉइंगवर २० अधिक-उणे ०.०३ आहे आणि पीस ०.०४ फुलतोय. डाय १९.९४ ची करा, म्हणजे पीस १९.९८ चा येईल. १९.९६ ची केली तर पहिल्या दिवशी पीस बरोबर मधोमध येतो आणि सगळे खूश होतात; पण डाय झिजते ती मोठीच होत जाते, म्हणजे जवळजवळ अर्धं आयुष्य तुम्ही आधीच सोडून दिलंत.

हा विषय सगळ्यात स्वच्छ मला समजला तो रायफलच्या काडतुसाच्या पुंगळीवरून. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, ते काम आपलं नाही. पण परदेशातले नेमबाज झाडलेली पुंगळी पुन्हा वापरतात, आणि त्यांची डाय निवडायची पद्धत कुठल्याही डायमेकरनं समजून घ्यावी अशी आहे. गोळी सुटताना पितळेची पुंगळी फुगून चेंबरच्या (रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या) भिंतीला टेकते आणि किंचित मागे येते. आता तिला दोन प्रकारच्या डाय लावता येतात. एक फक्त मान आवळते. दुसरी मान, खांदा, अंग सगळं दाबून लहान करते. नवख्याला दुसरी बरी वाटते, कारण पुंगळी कुठल्याही रायफलीत बसते. पण ती डाय फार खाली सेट केली तर खांदा गरजेपेक्षा मागे जातो, पुढच्या वेळी झाडताना पुंगळी पुन्हा तेवढीच ताणली जाते, आणि हे होत होत बुडाच्या थोडं वर भिंत पातळ पडते. बाहेरून तिथं एक चकचकीत कडं दिसतं. ते दिसलं की पुंगळी फेकायची, नाहीतर ती तिथंच तुटते. म्हणून जाणकार बोल्ट रायफलीसाठी खांदा अडीच ते पाच शतांश मिलिमीटरच मागे सारतात. एवढंच. त्यांना हवी ती डाय कमीत कमी धातू हलवणारी.

आपल्या कामातही मी हेच धरून चालतो. पीस ०.३ मोठा आलाय आणि सायझिंगमध्ये दाबून टाकू असं कुणी म्हणालं, तर दुरुस्ती आधीच्या, पीस ओढायच्या डायमध्ये करा. सायझिंगला ०.०८ ते ०.१ उरलं तर पृष्ठभागही छान येतो.

स्टीलचं आता सांगतो, कारण आता ते सोपं आहे. काही हजार पीस असतील तर ओएचएनएस (तेलात हार्ड होणारं साधं टूल स्टील) पुरतं. त्याहून जास्त असतील तर डी-टू, ५८ ते ६० रॉकवेल. लाखांत जाणार असेल तर कार्बाइडची रिंग, पण ती स्टीलच्या कवचात गरम करून घट्ट बसवलेली हवी. कार्बाइड दाब सोसतं, ताण सोसत नाही, आणि हातोड्याचा एक टोला त्याला पुरतो. मापाचा सरळ भाग तीन-चार मिलिमीटरच ठेवा. शेवटची पॉलिश पीस सरकतो त्या दिशेनं करा, गोल फिरवून नको. तेल विसरू नका. डाय कितीही गुळगुळीत असली तरी कोरडं पितळ अडकतंच.

एक नुकसान सांगायलाच हवं. पितळी टोप्यांचा एक लॉट आम्ही आतून आधार न देता नुसत्या रिंगमधून आवळून दिला होता. माप अचूक होतं, तपासणीत पास झाला. श्रावणात गिऱ्हाईकाचा फोन आला : टोप्या ठेवल्या जागी चिरतायत. मी जाऊन बघितलं. कडेपासून खाली केसासारख्या उभ्या चिरा, कुणी हात न लावता. गोडाऊनला लागून पोल्ट्री होती, आत शिरताच डोळे चुरचुरत होते.

हे नवीन नव्हतं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली पितळी काडतुसं अशीच फुटायची. कारण १९२१ साली उलगडलं : पितळेत उरलेला ताण, ओलावा आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया. आपल्या लॉटचं पितळही तेच, तांबं-जस्त ७०:३०, ज्याला इंग्रजीत नावच कार्ट्रिज ब्रास आहे. ताण मी आवळताना भरला होता, अमोनिया कोंबड्यांनी पुरवला.

तो लॉट आम्ही आमच्या खर्चानं भरून दिला. तेव्हापासून पितळेच्या प्रत्येक सायझिंग जॉबच्या कार्डावर शेवटी एक ओळ असते : २५०–२७५ अंश, एक तास. एवढ्यानं पितळ मऊ पडत नाही, ताण मात्र उतरतो. माप त्यात थोडं हलतं, म्हणून डायचं शेवटचं हॉनिंग (दगडानं बारीक घासून माप लावणं) पहिले दहा पीस भट्टीतून आल्यावर आणि थंड झाल्यावरच करा.