ब्लोअरचा आवाज कमी करायचाय? सिम्युलेशन असं करा

सेंट्रिफ्युगल ब्लोअरचं मॉडेल करायला बसण्याआधी आवाज कशाचा आहे ते ठरवा. मोबाइलवरच्या स्पेक्ट्रम अॅपवरही अंदाज येतो. एका सेकंदात किती पाती एका जागेवरून जातात ते काढा: पात्यांची संख्या गुणिले आरपीएम, भागिले 60. म्हणजे 12 पाती आणि 1440 आरपीएमला 288 हर्ट्झ. अॅपच्या आलेखात तिथे सुळका असेल, तर प्रत्येक पातं कट-ऑफजवळून (केसिंगची पात्यांना सगळ्यात जवळ येणारी जीभ) जाताना दाबाचा धक्का बसतोय. सिम्युलेशनचा खरा उपयोग इथेच. 100 हर्ट्झचा सुळका बहुधा मोटरचा. वीज तोडताच तो थांबतो. बेअरिंग किंवा पट्टा वाजत असेल तर सीएफडीच्या (हवेच्या प्रवाहाचं संगणकावरचं सिम्युलेशन) वाटेला जाऊ नका.

सक्शनला एल्बो (पाइपचं वळण) असेल तर तो मॉडेलमध्ये घ्याच. सरळ पाइप जोडला की एका बाजूला झुकून आत येणारी हवा हिशोबातूनच सुटते. इनलेट कोन (हवा आत घेणारा शंकू) आणि इम्पेलर (पात्यांचं फिरतं चाक) यांच्यामधली फट ड्रॉइंगवरून नको, मशीनवर मोजून टाका. कट-ऑफच्या फटीत आडवे 12-15 सेल (मेश म्हणजे मॉडेलच्या जाळीतले बारीक तुकडे) तरी हवेत.

आधी एमआरएफ (इम्पेलर न फिरवता फिरण्याचा परिणाम धरणारी पद्धत) आणि के-ओमेगा एसएसटी हे टर्ब्युलन्स मॉडेल घेऊन स्थिर सोल्यूशन काढा आणि फ्लो व प्रेशर फॅन कर्व्हशी (ब्लोअरचा फ्लो-प्रेशर आलेख) ताडून पाहा. ते जुळत नसेल तर आवाजाकडे वळूच नका. एमआरएफमध्ये इम्पेलर एकाच जागी गोठलेला असतो, त्यामुळे 288 हर्ट्झ त्यात दिसणारच नाही. त्यासाठी स्लायडिंग मेश लागते, म्हणजे इम्पेलरभोवतीची जाळी खरोखर फिरवावी लागते. टाइम स्टेप इम्पेलरच्या एका अंशाच्या फिरण्याची, म्हणजे इथे 0.000116 सेकंद. कट-ऑफवर रुंदीभर तीन ठिकाणी प्रेशर मॉनिटर लावा. आलेख फेऱ्यागणिक सारखा येईपर्यंतचे फेरे सोडा आणि पुढचे 10 नोंदवा, त्यातून 2.4 हर्ट्झपर्यंतचा फरक ओळखता येतो.

आता बदल. 630 मिमीच्या इम्पेलरला कट-ऑफची फट 32 मिमी, म्हणजे 5 टक्के असेल, तर 50 ते 60 मिमी करून पाहा. कट-ऑफच्या टोकाची त्रिज्याही वाढवा. फट फार वाढली की हवा व्होल्यूटमध्येच (गोगलगायीसारखं केसिंग) फिरत राहते आणि प्रेशर पडतं, म्हणून दर वेळी कर्व्ह पुन्हा तपासा. कट-ऑफ तिरका केला तर पातं पूर्ण रुंदीवर एकदम धडकत नाही. पात्यांमधलं अंतर इथे 165 मिमी आहे. तेवढा तिरकेपणा क्वचितच बसतो, पण निम्मा मिळाला तरी सुळका खाली येतो.

एफडब्ल्यूएचमधून (दाबाच्या चढउतारांवरून दूरचा आवाज काढणारी पद्धत) येणाऱ्या डेसिबलवर हमी देऊ नका. ती पद्धत मोकळी जागा धरते, केसिंगमधली परावर्तनं धरत नाही. मेश आणि टाइम स्टेप तीच ठेवून दोन डिझाइनमधला फरक तेवढा घ्या.

डॅम्पर निम्मा बंद ठेवून ब्लोअर चालत असेल, तर पत्रा कापण्याआधी व्हीएफडीने (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) वेग उतरवा. आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घाताने बदलतो, म्हणून 20 टक्के वेग कमी केला की जवळपास 5 डेसिबल जातात. फ्लो 80 टक्के आणि प्रेशर 64 टक्के उरतं, तेवढ्यात काम भागतं का ते आधी पाहा. सुळका आता 230 हर्ट्झवर येईल. केसिंगचा पत्रा तिथे घुमत असेल तर बाहेरून रिब वेल्ड करा.