पावडर डिस्पेन्सर निवडताना: हॉपर खरोखर रिकामा होतो का, ते आधी बघा

स्वतः काडतुसं भरताना प्रत्येक काडतुसात टाकायची बंदुकीची पावडर तोलून देणारं विजेवरचं मशीन म्हणजे पावडर डिस्पेन्सर: वरच्या भांड्यात, म्हणजे हॉपरमध्ये, पावडर भरायची, फिरणारी नळी ती काट्यावरच्या पॅनमध्ये टाकते. परवाना, कायदा, चष्मा आणि पावडर बनवणाऱ्या कंपनीची सध्याची लोड-पुस्तिका (कुठल्या काडतुसात किती पावडर, ते सांगणारी) एवढं हाताशी आहे असं धरून चालतो. नसेल तर मशीन बघायला जाऊच नका. काळी पावडरही यातून बाद. विजेवरचं डिस्पेन्सर फक्त धूरविरहित पावडरसाठी असतं. काळी पावडर ठिणगीने पेटते, त्यामुळे «थोडीशी चालेल» हा प्रकार इथे नाही.

आता पहिला प्रश्न. वेग, रंगीत स्क्रीन, फोनवरचं ॲप हे सगळं मागाहून. आत भरलेली पावडर बाहेर कशी काढायची, ते आधी विचारा. निचऱ्याची तोटी आहे का, की अख्खं मशीन उचलून उलटं करायचं? तोटी असेल तर हॉपरचा तळ तिच्याकडे उतरता आहे का, की कोपऱ्यात कड आहे जिथे दाणे अडकून बसतील? आणि फिरणारी नळी हाताने बाहेर निघते का? बहुतेक लोक तोटी बघून समाधान मानतात आणि नळी विसरतात. तोटीतून सगळं बाहेर आलं तरी नळीच्या आतल्या आट्यांमध्ये पावडर उरतेच. ती काढायला नळी पॅनमध्ये काही पडेनासं होईपर्यंत फिरवायची, मग ओढून काढायची, टॉर्च लावून आरपार बघायची, ब्रश फिरवायचा. नळी निघत नसेल तर ते मशीन घेऊ नका.

एवढा आग्रह कशासाठी? दोन पावडरी दिसायला सारख्या असू शकतात, जळण्याचा वेग मात्र अगदी वेगळा. हॉपरच्या तळाशी राहिलेली जलद पावडर वर ओतलेल्या संथ पावडरीत मिसळली, की तयार झालेल्या काडतुसाचा दाब कुठल्याही पुस्तिकेत सापडणार नाही. काटा वजन बरोबरच दाखवेल, कारण त्याला फक्त वजन कळतं. मिसळल्याचा नुसता संशय आला तरी ती पावडर वापरायची नाही. चाळून वेगळी होत नाही. ती चुकून डब्यात परत ओतली असेल तर डबाही गेला. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि तो हॉपर रिकामा होईपर्यंत मशीनच्या शेजारीच. हॉपरच्या झाकणावर चिकटपट्टी लावून पावडरचं नाव आणि लॉट क्रमांक लिहा. काम थांबलं की हॉपर रिकामा. जेवायला उठलात तर चालेल, रात्रभर ठेवलीत तर नाही: नायट्रोग्लिसरीन असलेल्या पावडरी हॉपरचं प्लास्टिक खातात, ते धुरकट होतं, उघड्यावर ओलाव्याने पावडरही बदलते. सगळ्यात वाईट म्हणजे आठवड्याने आत काय आहे हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही.

आता काटा. आरसीबीएसचं चार्जमास्टर, हॉर्नाडीचं ऑटो चार्ज, लायमनचं जेन 6 या वर्गातल्या मशीनमध्ये लोड सेल (वजनाचा दाब ओळखणारा भाग) असतो आणि अचूकता 0.1 ग्रेन इकडे-तिकडे अशी सांगतात. 0.1 ग्रेन म्हणजे साधारण 6.5 मिलिग्रॅम. रायफलच्या 40 ग्रेनच्या चार्जला, म्हणजे एका काडतुसातल्या पावडरीला, हा फरक पाव टक्का, म्हणजे बहुतेकांना पुरे. पिस्तुलाच्या 4 ग्रेनच्या चार्जला तोच फरक अडीच टक्के. पिस्तुलासाठीच घ्यायचं असेल तर पैसे वाचवा आणि आकारमानावर मोजणारं साधं हाताचं मेजर घ्या. बारीक पावडर त्यातून भराभर आणि एकसारखी पडते. लांब पल्ल्याच्या नेमबाजीला 0.02 ग्रेन दाखवणारा ए अँड डीचा एफएक्स-120आय काटा आणि त्यावर बसणारा, थोडे-थोडे दाणे टाकणारा ऑटोट्रिकलर ही जोडी वापरतात. ती महाग पडते. तिथेही उरलेली पावडर बाहेर कशी काढायची ते विचाराच.

तुमची पावडर कुठल्या आकाराची, ते ठरवून मगच मशीन बघा. लांब काड्यांसारखे दाणे नळीच्या तोंडाशी अडतात आणि एकदम चार-पाच पडतात. मग चार्ज वर जातो. नळीच्या तोंडात प्लास्टिकच्या स्ट्रॉचा छोटा तुकडा बसवला की असे एकदम पडण्याचं प्रमाण कमी होतं, हा उपाय जुना आणि उपयोगी आहे. गोळीदार बारीक पावडर उलट आपोआप निसटते, फटींतून गळते. ठरवलेल्या वजनाच्या किती आधी पावडर टाकण्याचा वेग कमी करायचा हे मशीनमध्ये बदलता येत असेल तर चांगलं, नसेल तर जास्त पडलेला प्रत्येक चार्ज हॉपरमध्ये परत ओतत बसाल.

मशीनसोबत येणारं वजन बहुधा 50 किंवा 100 ग्रॅमचं असतं. ते कॅलिब्रेशनसाठी. 50 ग्रॅम म्हणजे 770 ग्रेनच्या वर, आणि तुम्ही मोजणार 40. म्हणून तुमच्या चार्जच्या जवळचं एक वेगळं तपासणीचं वजन घ्या: 2 ग्रॅम म्हणजे 30.86 ग्रेन. वजनांचे अचूकतेनुसार वर्ग असतात: एम1 वर्गात 2 ग्रॅमला 1.2 मिलिग्रॅमची सूट असते, 0.1 ग्रेनच्या काट्याला ती पुरते, 0.02 च्या काट्याला त्याहून अचूक एफ1 लागेल. वजन चिमट्याने उचला. सुरुवातीला, दर दहा-पंधरा चार्जनंतर आणि शेवटी एकदा ठेवून बघा.

जागा. काटा आणि प्रेस (काडतूस भरायचं दांड्याचं यंत्र) एकाच टेबलावर नको, प्रेसचा दांडा ओढला की आकडा हलतो. पंखा बंद, एसीचा झोत दूर, फोन दूर, ट्यूबलाइटही शक्यतो दूर. काट्याच्या पातळी दाखवणाऱ्या काचेतला बुडबुडा मध्यभागी आणा. अर्धा तास चालू ठेवून मग कॅलिब्रेट करा. थंड लोड सेलचा शून्य सरकत राहतो. पॅन उचलल्यावर दिसणारा उणे आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे तो बदलला की शून्य सरकला म्हणून समजा. हवा कोरडी असेल तर स्थिर विजेने दाणे पॅनला आणि हॉपरला चिकटतात. पॅन व हॉपर कपडे सुकवायच्या यंत्रात टाकतात त्या अँटिस्टॅटिक कापडाने पुसा. आणि हे चिकटलेले दाणेच निचऱ्याला दाद देत नाहीत, तेव्हा पुन्हा तेच: तोटी, नळी, टॉर्च, ब्रश. मगच दुसरा डबा उघडायचा.

एकक ग्रेनवरच आहे ना, ते रोज बघा. बटण चुकून दाबलं जातं आणि 1 ग्रॅम म्हणजे 15.43 ग्रेन.

पॅन ठेवताच पुढचा चार्ज आपोआप टाकणारा मोड सोयीचा असतो, पण एकाच पुंगळीत (काडतुसाच्या रिकाम्या खोळीत) दोनदा ओतण्यापासून तो वाचवत नाही. पुंगळ्या भोकं असलेल्या ब्लॉकमध्ये उभ्या ठेवा, बुलेट बसवण्याआधी टॉर्चने सगळ्यांत पावडरची पातळी बघा.

बाकी किरकोळ: जादा पॅन, फनेल, पॉवर अडॅप्टर तुमच्या व्होल्टेजचा, अर्थिंग असलेला सॉकेट, सुटे भाग मिळतात का, वॉरंटी लोड सेलला लागू आहे का. नळी सुटी विकत मिळत असेल तर प्रत्येक पावडरला वेगळी ठेवा. पहिल्या दिवशी दहा चार्ज टाकून दुसऱ्या काट्यावर तोलून बघा, फरक जास्त आला तर परत करायची मुदत संपायच्या आत करा.