जर्मनीत जोडीदाराच्या घरी, नोकरी पुण्याची: या चुका टाळा

जोडीदार जर्मन, घर म्युनिकमध्ये आणि नोकरी हिंजवडीतल्या कंपनीत, तीही पूर्णवेळ वर्क फ्रॉम होम. मग काय, लॅपटॉप उचलायचा आणि विमानात बसायचं, असं वाटणं साहजिक आहे. जोडीदार घरात जागा देईल. राहायची आणि काम करायची परवानगी मात्र सरकारकडूनच घ्यावी लागते, आणि त्या दोन्ही वेगळ्या असतात.

पर्यटक म्हणून जाऊन ऑफिस थाटणं

शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीचा एकच अल्पमुदतीचा व्हिसा) 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, नोकरी करता येत नाही. ‘पगार रुपयांत येतो, कंपनी भारतातली, जर्मनीचा काय संबंध?’ हा युक्तिवाद सगळेच करतात. पण काम कुठे बसून होतं, हे आधी पाहिलं जातं. स्पेन किंवा पोर्तुगालसारखा डिजिटल नोमॅड व्हिसा, म्हणजे परदेशी कंपनीचं काम तिथे बसून करायची मुभा, जर्मनीत नाही. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना कुटुंबाचा व्हिसाही सहसा मिळत नाही. लग्नानंतर साधारणपणे ए-वन म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीची जर्मन भाषा दाखवावी लागते, पण तो परवाना हातात आला की नोकरी, व्यवसाय दोन्ही खुले.

लग्नाची तारीख धरून मग कागद शोधू नका. भारताचं अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकार मारतं तो शिक्का, जर्मनी मानत नाही. जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला यांची पडताळणी दूतावासामार्फत होते आणि त्यात महिने जातात. वडिलांचं नाव दाखल्यावर ‘दत्तात्रेय’ आणि पासपोर्टवर ‘दत्ताराम’ असेल, तर तो घोळ आधी इथेच निस्तरा. कागदांना कंटाळून बरीच जोडपी डेन्मार्कला जाऊन लग्न करतात. ते लग्न जर्मनीत चालतं, पण त्यामुळे व्हिसाची रांग चुकत नाही.

कंपनीला न सांगणं

एचआरला विचारणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं वाटून लोक व्हीपीएन लावून गप्प बसतात. लॉगिन कुठून होतंय हे आयटीवाल्यांना बहुधा दिसतंच. शिवाय तुमच्या तिथे बसण्यामुळे कंपनीवर जर्मनीत कर आणि सामाजिक विम्याची जबाबदारी येऊ शकते, म्हणून त्यांचा नकार नुसता आडमुठेपणा नसतो. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार मे 2017 पासून लागू आहे. कंपनीनं ठरावीक काळासाठी पाठवलं असेल, तर ईपीएफओच्या प्रमाणपत्रावर पेन्शनची वर्गणी भारतातच भरता येते. स्वतःच्या मर्जीनं कायमचं गेलात तर तो आधार धरून चालू नका. एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्डमार्फत, म्हणजे तुमच्या कंपनीच्या वतीनं तुम्हाला तिथे कागदोपत्री नोकरीवर ठेवणाऱ्या संस्थेमार्फत, जर्मन पगारपत्रक हा महाग पण सरळ मार्ग. राजीनामा देऊन त्याच कंपनीचे ‘फ्रीलान्सर’ व्हायचं असेल तर जपून. एकच ग्राहक, त्याच वेळा, तोच मॅनेजर असेल तर जर्मनीत ती छुपी नोकरी ठरू शकते.

‘183 दिवसांपर्यंत कर नाही’ म्हणून निर्धास्त राहणं

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. दुहेरी कर टाळण्याच्या करारातली ही सवलत तुम्ही करासाठी भारताचेच रहिवासी असाल तर मिळते. पण जर्मन कायद्यात तुमच्यासाठी कायम उपलब्ध असलेलं घर हाच निवासाचा आधार. घर जोडीदाराच्या नावावर असलं, तरी किल्ली तुमच्या खिशात, कपाटाचा अर्धा भाग तुमचा आणि मुक्काम लांबणार हे उघड असेल, तर दिवस मोजायच्या आधीच रहिवासी ठरण्याची शक्यता असते. दोन्ही देशांत घर असेल तर करार विचारतो की वैयक्तिक आणि आर्थिक संबंध कुठे जास्त घट्ट आहेत. तिथे जोडीदार हा मोठाच पुरावा! निघण्याआधी भारतातला सीए आणि जर्मन कर सल्लागार, दोघांनाही एकच हकीकत सांगा. बँकेत बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करायचंही तेव्हाच पाहा.

घरातल्या बारीकसारीक गोष्टी

भाड्याच्या घरात लग्नाआधी राहायला जात असाल तर घरमालकाची परवानगी जोडीदाराला मागायला लावा. कायमचं राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. आणि पत्रपेटीवर तुमचं आडनाव चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. कर क्रमांकासारखी कामाची पत्रं पोस्टानंच येतात, मग महिनाभर ‘अजून आलं कसं नाही’ चालतं.

ओटीपीसाठी भारतीय सिम चालू ठेवा. 90 दिवस वापरच झाला नाही तर नंबर जाऊ शकतो.

वेळेचं गणितही आधी बोलून घ्या. उन्हाळ्यात पुणे साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. पुण्याच्या सकाळी दहाचा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर पहाटे साडेपाचला येतो. रात्री दहा ते सकाळी सहा ही तिथली शांततेची वेळ, आणि आपली मंडळी मीटिंगमध्ये हळू बोलतात असं कुणी म्हणणार नाही. त्यामुळे ऑक्टोबर उजाडायच्या आतच मॅनेजरकडून स्टँडअप अकराला ढकलून घ्या.