बोटीवरच्या संडासाची सिस्टिम घेताय? या चुका टाळा

आमचं बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, टाक्या आणि पायपिंगचं काम. नर्मदेकाठचं केवडिया इथून ९० किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे नर्मदेवर बोट टाकायची स्वप्नं बघणारे फिरून फिरून आमच्याकडेच येतात आणि फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, मैला ट्रीट करायचं मशीन कितीला पडेल? अहो, बोट कुठल्या पाण्यात चालणार, माणसं किती, रात्रीचा मुक्काम आहे का, मैला काठावर उतरवणार कुठे, यातलं काहीच ठरलेलं नाही आणि आधी मशीनचा भाव.

सगळ्यात मोठी चूक हीच. यूट्यूबवर अमेरिकन बोटींचे व्हिडिओ बघायचे आणि तसलंच युनिट मागवायचं. तिकडच्या नियमांत या सिस्टिमचे तीन प्रकार. टाइप १ म्हणजे ६५ फुटांपर्यंतच्या बोटीसाठी, मैला दळायचा, जंतू मारायचे आणि बाहेर सोडायचं, १०० मिलीमध्ये फीकल कॉलिफॉर्म, म्हणजे मैल्यातले जंतू, १००० पर्यंत चालतात. टाइप २ ला हीच मर्यादा २०० ची. टाइप ३ म्हणजे नुसती टाकी, सगळं साठवून काठावर आणायचं. पण तिथल्याच बहुतेक गोड्या तलावांत टाइप १ आणि २ मधून निघालेलं पाणीसुद्धा सोडायला बंदी आहे, हे व्हिडिओवाला सांगत नाही. आणि त्यातली बरीच युनिट्स खाऱ्या पाण्यातून करंट सोडून क्लोरीन तयार करतात. नर्मदेच्या पाण्यात वेगळं मीठ घातल्याशिवाय तिथे क्लोरीन बनणारच नाही, मशीन घरघर करत बॅटरी खाणार आणि बाहेर जाणार तो नुसता दळलेला मैला.

मग कोणीतरी मारपोल, म्हणजे जहाजांच्या प्रदूषणावरचा आंतरराष्ट्रीय करार, काढतो, की किनाऱ्यापासून १२ मैलांवर न ट्रीट केलेलंही सोडता येतं म्हणे. ते समुद्रातल्या आंतरराष्ट्रीय जहाजांसाठी आहे हो, ४०० टनांपासून पुढच्या किंवा १५ पेक्षा जास्त माणसांच्या. नर्मदेत काठापासून १२ मैल कुठून आणणार? आपल्याकडे १९७४ चा पाणी कायदा आहे, त्यावर २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे, त्यात प्रदूषण प्रतिबंधाचं सर्टिफिकेट लागतं, ते आधी वाचा. माझं मत विचाराल तर छोटी बोट आणि गोडं पाणी असेल तर साधी टाकी घ्या आणि सक्शनची गाडी जिथे काठापर्यंत येते तिथेच जेट्टी बघा.

दुसऱ्या टोकाला सोसायटीचं पॅकेज एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा तयार प्लांट, बोटीवर बसवणारे. त्यातल्या बॅक्टेरियाला रोज खाणं लागतं आणि चोवीस तास हवा. बोट शनिवार-रविवारी चालणार, मधले पाच दिवस ते उपाशी, वर डिझेल वाचवायला रात्री जनरेटर बंद म्हणजे हवा देणारा ब्लोअरही बंद. शिवाय बोट हलली की खाली बसलेला गाळ परत वर. रोज मुक्कामी माणसं असलेल्या मोठ्या हाऊसबोटीला चालतं, पण किचनच्या पाण्याला ऑइल ट्रॅप लावूनच, फोडणीचं तेल थेट आत गेलं की प्लांट बसलाच.

आता माझा लाडका विषय, व्हेंट, म्हणजे टाकीत हवा ये-जा करायची वाट. लाखाची टाकी घेतील आणि व्हेंटला अर्ध्या इंचाची नळी लावतील, का तर ती दुकानात पडून होती. एका शेठची बोट आठवते. तक्रार वासाची. ते निळ्या सुगंधी केमिकलचे कॅन ओतून ओतून दमले, वास काही जाईना. व्हेंटची नळी एसीच्या ड्रेन पाइपसारखी दोन ठिकाणी झोळ पडलेली, झोळात पाणी साचलेलं, आणि बाहेरच्या तोंडाला कुंभारीण माशीनं मातीचं घर करून ते चक्क लिंपून टाकलेलं. हे कोणी बघितलं नाही. सक्शनची गाडी आली, पंप सुरू झाला, आत हवा जायला वाट नाही, टाकीच्या दोन्ही बाजू धप्पकन आत आल्या आणि वरच्या फिटिंगचा वेल्ड फाटला. पुढे बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, काय झालं ते जेवणाआधी वाचणाऱ्यांसाठी लिहीत नाही. शेठचं म्हणणं एकच, टाकी कमकुवत होती.

टाकी ठीक होती. हवा मिळाली नाही की आत सडणं सुरू होतं, हायड्रोजन सल्फाइड बनतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो, त्यावर परफ्यूम ओतून काही होत नाही. माझी पद्धत सांगतो: नळी कमीत कमी एक इंची, शक्यतो दोन नळ्या, बोटीच्या दोन बाजूंना, टाकीपासून तोंडापर्यंत सतत चढती, कुठे झोळ नाही. बारीक जाळी लावू नका, ती मैल्यानं बंद होते. आणि गाडीचा पंप सुरू करायच्या आधी मी टाकीचं इन्स्पेक्शन झाकण ढिलं करतो, ड्रायव्हर कितीही घाई करो.

बाकीचं पटापट. घरचा कमोड बोटीवर नको: १२ माणसं, प्रत्येकी चार वेळा, ६ लिटरचा फ्लश म्हणजे दिवसाला २८८ लिटर, तेच व्हॅक्यूमनं ओढणाऱ्या कमोडला एक लिटर धरा तर ४८. आणि २८८ लिटर म्हणजे तेवढेच किलो, टाकी एका बाजूला ठेवली तर बोट कलते. सीट पाणपातळीच्या खाली असेल तर अँटी-सायफन लूप, म्हणजे पाणपातळीच्या वर नेलेला, हवा आत घेणारा पाइपचा वळसा, हवाच, नाहीतर नदी उलटी आत येते, बोटी अशाही बुडतात. थेट बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह कुलपात ठेवा, नुसता बंद नको. संडासात वेट वाइप्स टाकायचे नाहीत, ॲसिड ओतायचं नाही. पाइप वास मारतोय का हे कळायला गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं त्यावर गुंडाळा, गार झालं की फडक्याचा वास घ्या, आला तर पाइप बदला, सेलोटेप लावू नका. टाकीत माणूस उतरवायचा नाही, सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं. टाकी किती भरली ते दाखवणारा फ्लोट गेज लवकरच घाण होऊन अडकतो, त्यापेक्षा अर्धपारदर्शक टाकीवर मार्करनं रेघा मारून टॉर्च धरा, आमच्याकडून गेलेल्या टाक्यांवर त्या आधीच मारलेल्या असतात.